स्पर्धेतील गणित आणि प्रवेशपरीक्षेतील गणित

अहिल्यानगर जिल्ह्यातील पारनेर हा पर्जन्यछायेतील तालुका. येथील शेतीचा भरवसा मर्यादित असल्याने मुलांचे शिक्षण हीच अनेक कुटुंबांची मोठी गुंतवणूक ठरत आली आहे. परीक्षेच्या बळावर बाहेर पडण्याची वाटही येथे नवी नाही. याच पारनेरचे पांडुरंग महादेव बापट, म्हणजे आपणा सर्वांचे सेनापती बापट, १९०४ साली मंगळदास नथुभाई शिष्यवृत्ती मिळवून अभियांत्रिकीच्या शिक्षणासाठी एडिंबरो येथे गेले होते. तेथे ते यंत्रांऐवजी क्रांतिकारकांच्या विद्येत रमले ही गोष्ट निराळी.

आज या तालुक्यातील विद्यार्थ्यासमोर परीक्षांची एक मोठी रांग उभी असते. प्राथमिक शाळेत असतानाच महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची शिष्यवृत्ती परीक्षा येते. ही परीक्षा अनेक वर्षे चौथी व सातवीच्या वर्गांसाठी आणि २०१७ पासून पाचवी व आठवीसाठी घेण्यात येत होती. ती पुन्हा चौथी व सातवीवर आणण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. पाचवीच्या मुलांना जवाहर नवोदय विद्यालयाची निवड परीक्षा खुणावते, कारण जिल्ह्याचे नवोदय विद्यालय याच तालुक्यात, टाकळी ढोकेश्वर येथे आहे. आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा येते. गणित अध्यापकांच्या मंडळांतर्फे होणाऱ्या प्रावीण्य व प्रज्ञा परीक्षा असतात त्या वेगळ्याच. या सर्वांत गणिताचा वाटा मोठा आहे. शिष्यवृत्तीच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत तर ७५ पैकी ५० प्रश्न गणिताचे असतात.

या परीक्षांसाठी शिक्षक शाळा सुटल्यावर थांबतात आणि पालक पुस्तकांना पैसे मोजतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मग एक प्रश्न विचारला जातो, आणि तो रास्तच आहे. या स्पर्धांसाठी केलेला गणिताचा सराव बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षांत उपयोगी पडतो काय? की स्पर्धेची ढाल कपाटात ठेवून अकरावीला पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी लागते? प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. उपयोग होतो, परंतु तो कोठे होतो आणि कोठे होत नाही, हे नीट पाहिल्याशिवाय शिक्षकाचा वेळ व पालकाचा पैसा योग्य जागी पडणार नाही.

एका प्रश्नाला किती वेळ?

दोन परीक्षांतील अंतर मोजण्याचे सर्वात सोपे माप म्हणजे घड्याळ. शिष्यवृत्तीच्या एका प्रश्नपत्रिकेत ९० मिनिटांत ७५ प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे १ मिनिट १२ सेकंद. नवोदयच्या परीक्षेत अंकगणिताचे २० प्रश्न असून त्यांस साधारण अर्धा तास, म्हणजे प्रत्येकी दीड मिनिट. राज्याच्या एमएचटी-सीईटी परीक्षेत गणिताच्या ५० प्रश्नांसाठी ९० मिनिटे, म्हणजे १ मिनिट ४८ सेकंद. जेईई मुख्य परीक्षेत तीन विषयांचे मिळून ७५ प्रश्न तीन तासांत सोडवावयाचे असतात. तेथे वाट्याला २ मिनिटे २४ सेकंद येतात.

आता गणित ऑलिंपियाडकडे पाहावे. भारतात या स्पर्धेची सूत्रे राष्ट्रीय उच्च गणित मंडळ आणि मुंबईचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र यांच्याकडे आहेत. भारतीय संघ आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रथम १९८९ साली उतरला आणि १९९६ ची स्पर्धा मुंबईतच भरली. २०२४ मध्ये भारताने चार सुवर्णपदकांसह चौथे स्थान मिळविले. या स्पर्धेची देशातील पहिली पायरी म्हणजे आयओक्यूएम ही परीक्षा. तिच्यात तीन तासांत ३० प्रश्न असतात. प्रत्येकास सहा मिनिटे. दुसऱ्या पायरीला, प्रादेशिक स्पर्धेत, तीन तासांत सहाच प्रश्न, म्हणजे प्रत्येकास अर्धा तास. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत दररोज साडेचार तासांत तीन प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला दीड तास.

या आकड्यांवरून एक गोष्ट सहज ध्यानात यावी. शिष्यवृत्ती व नवोदयच्या परीक्षा घडणीने प्रवेशपरीक्षेच्या जवळच्या आहेत. पर्यायांतून उत्तर निवडणे, उत्तरपत्रिकेवर खूण करणे, अडलेला प्रश्न सोडून पुढे जाणे या सवयी दोहोंकडे सारख्याच लागतात. ऑलिंपियाडची वरची पायरी मात्र वेगळ्या जातीची आहे. तेथे उत्तराबरोबर सिद्धता लिहावी लागते. अर्धा तास एका प्रश्नाशी झुंजण्याची सवय लागलेला हुशार विद्यार्थी सीईटीत तिसऱ्याच प्रश्नाला अडून बसतो, हा धोका खरा आहे. त्याला वेळेचे गणित वेगळे शिकवावे लागते.

कोणते गणित कामी येते?

एक उदाहरण घेऊ. नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत पहिल्या सभेच्या दिवशी प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा हस्तांदोलन केले, तर एकूण हस्तांदोलने किती? सातवी-आठवीचा मुलगा हे सूत्राशिवाय सोडवितो. पहिला सदस्य आठ जणांशी हात मिळवितो. नऊ जणांचे मिळून ९ × ८ म्हणजे ७२ होतात. परंतु प्रत्येक हस्तांदोलन दोनदा मोजले गेले, म्हणून ३६. हाच विद्यार्थी अकरावीत क्रमचय व संचय या प्रकरणाकडे येतो, तेव्हा दोघांची निवड करण्याचे सूत्र त्याला पाठ करावे लागत नाही. प्रश्न उलटा आला, म्हणजे निवडीचे प्रकार ३६ असताना सदस्य किती असे विचारले, तरी ज्यांचा गुणाकार ७२ होतो अशा दोन लगतच्या संख्या तो क्षणात शोधतो. ज्याने केवळ सूत्र घोकले तो येथे वर्गसमीकरण मांडीत बसतो.

दुसरे उदाहरण थोडे अधिक खोल आहे. अशा दोन अंकी संख्या किती, की ज्यांच्या अंकांची बेरीज आणि अंकांचा गुणाकार एकत्र केला असता तीच संख्या मिळते? एकेक संख्या तपासावयाची तर नव्वद संख्या तपासाव्या लागतील. परंतु दशकस्थानी ‘अ’ व एककस्थानी ‘ब’ मानले, तर संख्या दहा ‘अ’ अधिक ‘ब’ होते. ती ‘अ’ अधिक ‘ब’ अधिक ‘अ’ गुणिले ‘ब’ इतकी असावयाची, तर नऊ ‘अ’ आणि ‘अ’ गुणिले ‘ब’ समान झाले पाहिजेत. म्हणजे ‘ब’ नऊच. १९, २९, ३९ पासून ९९ पर्यंत अशा नऊ संख्या. हा प्रश्न सीईटीत येणार नाही. पण शब्दांत दिलेली अट अक्षरांत मांडणे, नको ते वजा करणे आणि राहिलेल्यातून निष्कर्ष काढणे ही कृती प्रत्येक प्रवेशपरीक्षेत पदोपदी लागते. ती कृती हातात बसण्यास आठवी-नववीचे वय उत्तम.

आता दुसरी बाजू. ऑलिंपियाडचा अभ्यास मुख्यतः चार क्षेत्रांत फिरतो: संख्यांचे गुणधर्म, बीजगणित, भूमिती आणि मोजणीच्या युक्त्या. कलनशास्त्र, म्हणजे विकलन व संकलन, त्यात येत नाही. एमएचटी-सीईटीत मात्र सुमारे ८० टक्के भर बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो आणि त्यातील मोठा हिस्सा कलनशास्त्राचा आहे. सदिश, सारणी, रेषा व प्रतल हेही आहेच. संकलनाचे सूत्र ठाऊक नसेल तर कितीही कल्पक विद्यार्थी ते पावणेदोन मिनिटांत निर्माण करू शकत नाही. उलट चक्रीय चौकोनावरील जे सुंदर प्रमेय त्याने स्पर्धेसाठी महिनाभर घोटले, ते कदाचित एकाही प्रश्नात विचारले जाणार नाही. भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र यांचा तर येथे संबंधच नाही.

तरीही अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या विद्यार्थ्याने एक हिशेब लक्षात ठेवावा. सीईटीत भौतिक व रसायन यांचे प्रश्न प्रत्येकी एका गुणाचे, गणिताचे दोन गुणांचे. दोनशेपैकी शंभर गुण एकट्या गणिताचे आहेत.

अनुभव आणि पुरावा

स्पर्धांत चमकलेली मुले पुढे प्रवेशपरीक्षांतही चमकतात, हे आपण पाहतो आणि त्यावरून स्पर्धेमुळे यश मिळाले असा निष्कर्ष काढतो. हा निष्कर्ष तपासून घेतला पाहिजे. ज्या रानात मुळातच ओल आहे तेथे पीक जोमदार आले, तर सारे श्रेय खताला देता येत नाही, हे पारनेरच्या शेतकऱ्याला कोणी सांगावयास नको. स्पर्धेला बसणारी मुले बहुधा आधीच गणितात पुढे असतात, त्यांचे शिक्षक उत्साही असतात आणि घरी अभ्यासाकडे लक्ष असते.

शिक्षणशास्त्रात हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. एक विषय घोटला की बुद्धीला सर्वसाधारण धार येते आणि ती कोठेही चालते, असा पूर्वी समज होता. १९०१ साली एडवर्ड थॉर्नडाइक व रॉबर्ट वुडवर्थ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी प्रयोगांनी दाखविले की, एका कामातील सराव दुसऱ्या कामात उतरतो तो त्या दोहोंत जेवढे समान घटक असतील तेवढाच. १९२४ मध्ये थॉर्नडाइक यांनी हजारो शालेय विद्यार्थ्यांची पाहणी केली. कोणता विषय घेतला यापेक्षा विद्यार्थी आरंभी किती सक्षम होता, यावर त्याची प्रगती अधिक अवलंबून असल्याचे तिच्यात आढळले. त्यानंतरच्या संशोधनाने तपशिलात भर घातली असली, तरी समान घटकांचा हा विचार टिकून आहे. आपल्या प्रश्नाला तो लावला तर उत्तर असे निघते: मोजणी, समीकरण, संख्यांचा अंदाज, प्रश्न वाचण्याची शिस्त हे घटक दोन्हीकडे आहेत, म्हणून तेथे लाभ आहे, कलनशास्त्र एकीकडेच आहे, म्हणून तेथे लाभ नाही.

स्पर्धेच्या सरावाचा आणखी एक गुण आहे आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तोच सर्वात मोलाचा आहे. स्पर्धेच्या प्रश्नपत्रिकेत प्रश्न मिसळलेले असतात. पाठ्यपुस्तकात नफा-तोट्याच्या धड्याखाली नफा-तोट्याचीच वीस उदाहरणे येतात. कोणती रीत वापरावयाची हे विद्यार्थ्याला धड्याच्या नावावरूनच कळते आणि तिसऱ्या उदाहरणानंतर विचार थांबतो. डग रोरर व केली टेलर या संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना चार अपरिचित घनाकृतींचे घनफळ काढावयास शिकविले. एका गटाने एका प्रकारची उदाहरणे संपवून दुसरा प्रकार घेतला. दुसऱ्या गटाला सर्व प्रकार मिसळून दिले. सरावाच्या वेळी पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरे बरोबर आली, दुसऱ्याची अवघी ६० टक्के. एका आठवड्यानंतर परीक्षा घेतली तेव्हा पहिला गट २० टक्क्यांवर घसरला, तर मिसळून सराव केलेला गट ६३ टक्क्यांवर टिकून राहिला. सरावाच्या दिवशी जो वर्ग अडखळत होता तोच परीक्षेत पुढे गेला. वर्ग तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी हे आकडे जरूर ध्यानात ठेवावेत. सफाईने चाललेला सराव हा नेहमीच शिकण्याचा पुरावा नसतो.

प्रवेशपरीक्षेतही प्रश्नावर धड्याचे नाव लिहिलेले नसते. तेव्हा स्पर्धेचे पुस्तक विकत घेता आले नाही, तरी जुन्या धड्यांतील उदाहरणे मिसळून दर शनिवारी दहा प्रश्न फळ्यावर लिहिणारा शिक्षक या लाभाचा मोठा भाग विनाखर्च मिळवून देऊ शकतो.

महाराष्ट्रातील शाळांना याचा एक जुना वारसाही आहे. देवळालीच्या शाळेत आयुष्यभर शिक्षक राहिलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांना विद्यार्थिदशेत, १९२७ साली, रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले होते. पुढे त्यांनी ६१७४ या संख्येचा चमत्कार शोधला. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिच्या अंकांपासून होणाऱ्या मोठ्यात मोठ्या संख्येतून लहानात लहान संख्या वजा करावी. उत्तरावर पुन्हा तीच क्रिया करावी. ३५२४ घेतल्यास ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत सर्व संख्या येथेच येऊन थांबतात. पाचवीच्या वर्गात हा खेळ सुरू केल्यास मुले हातच्याच्या वजाबाक्या कंटाळा न करता पन्नास वेळा करतात.

भाषेची अडचण

ग्रामीण भागाच्या दृष्टीने एक बाब स्वतंत्रपणे सांगितली पाहिजे. एमएचटी-सीईटीत भौतिक, रसायन व जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतूनही उपलब्ध असतात. गणिताची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजीतच असते. जेईई मुख्य परीक्षा २०२१ पासून मराठीतूनही देता येते. म्हणजे दहावीपर्यंत मराठीतून गणित शिकलेल्या मुलाला निम्म्या गुणांचा विषय परक्या भाषेत वाचावा लागतो, तोही पावणेदोन मिनिटांत एक प्रश्न या वेगाने. सेमी इंग्रजीच्या वर्गांमुळे ही अडचण काही अंशी कमी झाली आहे, संपलेली नाही. स्पर्धेचे प्रश्न शब्दबहुल असतात. नववी-दहावीत आठवड्यातून दोन-तीन प्रश्न इंग्रजीत वाचून त्यांचा अर्थ मराठीत सांगावयाचा, मग सोडवावयाचे, एवढा क्रम ठेवला तरी भाषेची भीती अकरावीपूर्वी ओसरते. येथे स्पर्धेचा सराव अप्रत्यक्षपणे प्रवेशपरीक्षेचेच काम करतो.

कोणासाठी, केव्हा?

वैद्यकीय शाखेकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पालकांना स्पष्ट सांगावयास हवे, की नीट परीक्षेत गणित हा विषयच नाही. १८० प्रश्नांपैकी निम्मे जीवशास्त्राचे आहेत. भौतिकशास्त्रातील आकडेमोडीपुरती शालेय गणिताची तयारी पुरते. अशा विद्यार्थ्याने अकरावी-बारावीत ऑलिंपियाडच्या मागे लागू नये.

अभियांत्रिकीकडे जाणाऱ्या मुलाने स्पर्धेचा सराव आठवी ते दहावीत भरपूर करावा आणि अकरावीच्या दुसऱ्या सत्रापासून अभ्यासक्रम व वेळ लावून सोडविलेल्या प्रश्नपत्रिकांकडे वळावे. गणितातच ज्याला विलक्षण गती आहे, त्याची गोष्ट वेगळी. भारतीय सांख्यिकी संस्था राष्ट्रीय ऑलिंपियाडमधील पुरस्कारप्राप्त विद्यार्थ्यांना आपल्या लेखी प्रवेशपरीक्षेतून सूट देते. कानपूर व मद्रास येथील आयआयटींनीही २०२५ पासून ऑलिंपियाडच्या गुणवत्तेवर काही जागा देण्यास आरंभ केला आहे. परंतु ही दारे देशातील मोजक्याच मुलांसाठी उघडतात. तालुक्याची योजना त्यांच्यावर आखता येणार नाही.

योजना आखावयाची ती नववी-दहावीची. आठवीतील आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती मिळाली तर वर्षाला १२ हजार रुपये, बारावीपर्यंत एकूण ४८ हजार रुपये मिळतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांपेक्षा अधिक नसावे अशी अट आहे. त्यामुळे आठवीपर्यंत शाळा कसून तयारी करून घेतात. त्यानंतर मात्र खंड पडतो. दहावीच्या मुलांसाठी असलेली राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा २०२१ नंतर झालेली नाही. आठवीत तल्लख असलेला मुलगा दोन वर्षे केवळ शालान्त परीक्षेची ठरावीक उदाहरणे सोडवितो आणि अकरावीत शहरातील शिकवणी वर्गात एकदम नव्या प्रश्नांसमोर उभा राहतो. शिकवणीचा मोठा खर्च तेथून सुरू होतो.

हा खंड भरून काढण्यास आयओक्यूएम सोयीची आहे. ती आठवी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना खुली असून साधारणतः सप्टेंबरात होते. उत्तरे पूर्णांकांत द्यावयाची असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. पुढच्या फेरीत निवड झाली नाही तरी बिघडत नाही. मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिकांतील सुरुवातीचे दोन गुणांचे दहा प्रश्न नववीच्या साधारण बऱ्या विद्यार्थ्याच्या आटोक्यात आणता येतात. एका केंद्रातील चार-पाच माध्यमिक शाळांच्या गणित शिक्षकांनी महिन्यातून एकदा एकत्र येऊन अशा प्रश्नांचा संच तयार करावा, आणि ग्रामपंचायतीने वाचनालयाच्या खोलीत रविवारी दोन तास दिवा व फळा उपलब्ध करून द्यावा, एवढ्यावर काम सुरू होऊ शकते. जून ते ऑगस्ट हे तीन महिने त्यासाठी पुरतात. त्यानंतर सहामाही परीक्षा येते आणि दहावीचे विद्यार्थी शालान्त परीक्षेच्या तयारीकडे वळतात, म्हणून आरंभ शाळा उघडताच व्हावयास हवा.